सोमवारी रुसणारी फोर्कलिफ्ट

‘गाडी ठप्प झालीय, लगेच या,’ असा फोन आला की आम्हा सर्व्हिसवाल्यांना हायसं वाटतं. फ्यूज उडाला असेल, काँटॅक्टरची कॉइल जळाली असेल, जे असेल ते जागेवर सापडतं. खरी धडकी भरते ती दुसऱ्या फोनने. ‘सार्, बरुत्ते, होगुत्ते.’ फॉल्ट येतो आणि जातो. चालती फोर्कलिफ्ट मध्येच थांबते, ऑपरेटर चावी बंद करून परत फिरवतो आणि काही झालंच नाही अशी गाडी पुढे निघते. आपण बॅग घेऊन पोचावं, तर दिवसभर एकदाही अडत नाही. जिथे मीटर लावावा तिथे आकडा बरोबर. संध्याकाळी आपण गेटबाहेर पडलो की पुन्हा फोन.

म्हैसूरच्या कारखान्यांत आणि गोदामांत बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आमचं घर मूळचं विट्याकडचं. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यातलंच हे एक. अशोका रोडवरच्या सराफांच्या मागच्या गल्लीत वडिलांची गलाईची भट्टी होती. मी मात्र वायरींच्या नादी लागलो. हेब्बाळ, मेटगळ्ळी, हूटगळ्ळी, कूर्गळ्ळी आणि पलीकडे नंजनगूड, या पट्ट्यात टायर, ॲक्सल, मोटारसायकली, अगरबत्ती, कॉफी, औषधं असं काय काय बनतं, आणि ते सगळं कधी ना कधी कुठल्या तरी फोर्कलिफ्टच्या फोर्कवर चढतं. त्या गाड्यांचे किस्से पुष्कळ आहेत. इथे फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टचे सांगतो, कारण माणसांची खरी परीक्षा तिथेच होते.

आमच्या धंद्यातलं एक वाक्य मला मनापासून खटकतं. ‘चेक्ड अँड फाउंड ओके.’ सर्व्हिस रिपोर्टवर हे लिहायचं, सही-शिक्का घ्यायचा आणि निघायचं. लिहिणाऱ्याची सुटका होते, पण मागे राहणाऱ्याचं काय? गाडीत दोष नाही म्हटलं की तो चालवणाऱ्यात आहे, असा सरळ अर्थ लावला जातो. ऑपरेटर बहुतेक ठिकाणी कंत्राटी. ‘हा मुद्दाम गाडी पाडतो, काम टाळतो,’ असा शेरा बसला तर पुढच्या महिन्यात त्याचा पास निघेलच याची खात्री नाही. आणि दीड टन माल छताजवळ उचललेला असताना गाडीने झटका दिला, तर ते पॅलेट कुणाच्या अंगावर जाईल हे रिपोर्ट लिहिणारा बघत नाही. फॉल्ट दिसला नाही याचा अर्थ इतकाच, की तो ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती आपण अजून उभी केलेली नाही. आणि ती परिस्थिती कोणती, हे जगात एकाच माणसाला ठाऊक असतं: रोज आठ तास त्या सीटवर बसणाऱ्याला.

हे मी शिकलो ते माझ्या उस्तादांकडून. ते यादवगिरीच्या जावा कारखान्यात वायरिंग करायचे. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला आणि तिथली जाणती माणसं गावभर विखुरली; कुणी गॅरेज काढलं, कुणी मोटर रिवाइंडिंग. उस्ताद फोर्कलिफ्टकडे आले. जुन्या जावाची वीज सहा व्होल्टची. सहातला अर्धा व्होल्ट वाटेत सांडला की हेडलाइट पिवळा पडलाच. त्यामुळे व्होल्टेज किती आहे यापेक्षा ते कुठे गळतंय, हे बघायची सवय त्यांच्या हाताला लागली होती.

एका गोदामात दुपार झाली की एक गाडी मलूल व्हायची. सकाळी झकास, जेवणानंतर जड पॅलेट उचलताना वेग निम्म्यावर. चहाची सुट्टी संपवून यावं तर परत झकास. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये २३ नंबरचा फॉल्ट कोड. कर्टिसच्या एसी कंट्रोलरमध्ये २३ म्हणजे व्होल्टेज कमी पडलं म्हणून मी ताकद कापली. बॅटरी बसली, नवी घ्या, असं आधी कुणीतरी सांगून गेलं होतं, आणि कोटेशनसुद्धा टेबलावर होतं. अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी म्हणजे दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, वजन टनाच्या आसपास. किंमत काही लाखांत.

उस्तादांनी बॅटरीला हात लावला नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर ठेवली आणि दुसरी कंट्रोलरच्या पॉझिटिव्ह बोल्टवर. दोन्ही टोकं एकाच तारेची. मी नवखा, मला वाटलं इथे काय दिसणार? गाडी उभी असताना खरंच शून्य दिसलं. मग त्यांनी ऑपरेटरला भरलेलं पॅलेट उचलायला लावलं. आकडा चढत गेला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर जाऊन थांबला. उस्ताद म्हणाले, ‘आता गुणाकार कर. दोनशे अँपिअर आणि अर्धा व्होल्ट.’ शंभर वॉट. जुना पिवळा बल्ब जेवढा तापायचा तेवढी आग त्या तारेत कुठेतरी एका बोटभर जागेत कोंडली होती.

जागा सापडली ती लगमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीत. कधीतरी कुणीतरी क्रिंपिंगचं यंत्र नसल्यामुळे छिन्नी-हातोड्याने लग ठोकला होता आणि वर छानपैकी काळी स्लीव्ह चढवली होती. आतल्या तांब्याच्या तारा निळसर-काळ्या पडलेल्या. जोड तापला की त्याचा रोध वाढे, रोध वाढला की आणखी तापे, आणि कंट्रोलरपर्यंत पोचणारं व्होल्टेज खाली येई. चहाच्या सुट्टीत जोड गार होई, म्हणून गाडी बरी होई. हायड्रॉलिक प्रेसवर नवा लग दाबून बसवला. ते कोटेशन कपाटात गेलं. मीटरवर ‘मिन-मॅक्स’ लावून तो गाडीतच ठेवून द्यायची पद्धत आम्ही तेव्हापासून पाळतो. माणसाची नजर हटली तरी त्या क्षणाचा आकडा मीटरमध्ये राहतो.

पण मीटरला सगळं कळत नाही. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यातली गाडी फक्त रात्रपाळीत थांबायची. दिवसपाळीत तीच गाडी, तोच माल, तीच वाट, आणि एकही तक्रार नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर पोरगेला, अंगाने किडकिडीत. सुपरवायझरचं मत पक्कं झालं होतं. ‘झोप येते त्याला. ब्रेकवर पाय पडतो.’ हजेरीच्या वहीत तसा शेराही होता. पोराने मला बाजूला घेऊन कन्नडमध्ये विचारलं, ‘सार्, ही माझ्यावरच का रागावते?’ प्रश्न त्याने मनापासून विचारला होता आणि मी तो तसाच धरून बसलो. याच्यात आणि दिवसपाळीवाल्यात फरक काय?

कोड होता ४७. म्हणजे क्रम चुकला. बॅटरीच्या गाडीत आधी सीटवर बसायचं, मग चावी, मग दिशा, मग पेडल. पेडल दाबलेलं असताना सीटचा सिग्नल तुटून परत आला, तर कंट्रोलर गाडी सोडत नाही. पाय उचलून पुन्हा ठेवा म्हणतो. झापीच्या कंट्रोलरवर हीच गोष्ट ‘इनकरेक्ट स्टार्ट’ म्हणून लिहून येते. सीटखाली एक छोटा स्विच असतो, माणूस बसलाय की नाही हे सांगणारा. तो काढून तपासला तर उत्तम. म्हणून मी त्या स्विचवर एक छोटा दिवा जोडला आणि तारा लांब ओढून तो डोक्यावरच्या गार्डला बांधला, लांबून दिसेल असा. आणि रात्री गाडीच्या मागे मागे चालत राहिलो.

शेडच्या मध्यावर पाण्याच्या गटारावर लोखंडी जाळी होती. भरलेली गाडी जाळीवरून गेली की दिवा मिणमिणायचा. सीटचा फोम बसून गेला होता, स्विचची दांडी जेमतेम टेकत होती. हादऱ्याबरोबर पोरगं इंचभर वर उडे आणि सिग्नल तुटे. दिवसपाळीवाला गृहस्थ चांगला वजनदार. त्याच्या पाळीत दिवा स्थिर. तरी मला एक गोष्ट पटेना. असल्या क्षणभराच्या हादऱ्यासाठीच तर सीट सुटल्यावर थोडा वेळ थांबण्याची सोय कंट्रोलरमध्ये असते. प्रोग्रॅमर लावून पाहिलं, तर कधीतरी कंट्रोलर बदलताना तो विलंब जवळजवळ शून्यावर राहून गेला होता. एकटा फोम बसला असता तर गाडी चालली असती. एकटा विलंब शून्य असता तरी चालली असती. दोन अर्धी कारणं एका किडकिडीत माणसाखाली एकत्र आली होती. नवी सीट आली, विलंब पूर्ववत झाला, आणि सुपरवायझरने वहीतला शेरा माझ्यासमोर खोडला. त्या खोडलेल्या ओळीचं समाधान मला कुठल्याही मोठ्या दुरुस्तीपेक्षा जास्त वाटलं, आजही वाटतं.

उंच रॅकच्या गोदामात चालणारी रीच ट्रक ही वेगळी जात. या जातीच्या काही गाड्यांत ड्राइव्ह मोटर स्टिअरिंगबरोबर स्वतःच गर्रकन फिरते. नंजनगूडकडच्या एका गोदामात अशी एक गाडी ३६ नंबरचा कोड द्यायची. छत्तीस म्हणजे एन्कोडर: मोटर किती वेगाने आणि कुठल्या दिशेला फिरतेय हे सांगणारा सेन्सर. बहुतेक एसी मोटरमध्ये तो बेअरिंगमध्येच बसवलेला असतो आणि ए आणि बी अशा दोन तारांवर ठोके पाठवतो. एका तारेचे ठोके दुसरीच्या पाव पाऊल मागे असतात, त्यावरून दिशा कळते. एक तार क्षणभर गप्प झाली तरी कंट्रोलर गाडी थांबवतो, आणि थांबवायलाच हवी.

आमच्या आधी एन्कोडर बदलून झाला होता, कंट्रोलरही बदलून झाला होता. फॉल्ट जिथल्या तिथे. ऑपरेटर बाई होत्या. गोदामांत आता बऱ्याच बाया रीच ट्रक चालवतात, आणि रॅकला ओरखडा न काढता चालवतात. त्या सारखं सांगत होत्या, ‘चौथ्या गल्लीतच होतं.’ हे वाक्य आधीच्या कुठल्याही रिपोर्टवर नव्हतं. गल्लीत भूत असतं का, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. मी त्यांना म्हटलं, ‘अक्का, चौथ्या गल्लीत शिरताना तुम्ही काय करता, ते हळूहळू करून दाखवा.’ बाकीच्या गल्ल्यांत सरळ शिरता येत होतं. चौथीच्या तोंडाशी खांब होता, त्यामुळे मागे घेत स्टिअरिंग डावीकडे अगदी शेवटपर्यंत वळवावं लागे.

यापुढचं काम सांभाळून करायचं असतं. आधी गाडी जॅकवर, ड्राइव्हचं चाक हवेत. तारा हलवत असताना गाडी एकदम सुटली तर पळायला जागा नसते. कंट्रोलरच्या जोडांना हात लावायचा असेल तर बॅटरीचा प्लग काढल्यावरही थांबायचं, कारण आतले कपॅसिटर भरलेलेच असतात. ते रिकामे करायला आम्ही हॉर्न वापरतो. हॉर्नच्या दोन तारा पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या बोल्टांना टेकवायच्या. तो जोरात ओरडतो, आवाज खोल जातो आणि बंद पडतो. मग हात घालायचा. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

चाक हवेत सावकाश फिरत ठेवलं, प्रोग्रॅमरच्या पडद्यावर मोटरचा वेग लावला आणि अक्कांना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. डावीकडच्या शेवटच्या बोटभर वळणाला वेगाचा आकडा शून्य होऊन लगेच परत आला. स्कोप लावला तर बी तारेचे ठोके गायब. मग मोटरवरून वर येणारी ती बारीक तार बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढली. चांगली तार ओढली तर ताठ राहते. ही रबरासारखी लांबली. आतलं तांबं पूर्ण तुटलेलं, वरचं प्लास्टिक मात्र धडधाकट. डोळ्यांनी बघणाऱ्याला कधीच दिसलं नसतं. सरळ असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकून असायची. जिथे तारांचा जुडगा वाकतो नेमक्या तिथेच कुणीतरी केबल टाय आवळून लावला होता. काही रुपयांची तार, आणि तिच्यापायी बदललेला कंट्रोलर. आम्ही नवी तार मोठा वळसा देऊन नेली आणि टाय वाकणाऱ्या जागेपासून लांब बांधला.

वडिलांना हे किस्से ऐकायला आवडायचे, विशेषतः पिनांचे. कनेक्टरच्या पिना बहुधा कथिलाचा मुलामा दिलेल्या असतात. गाडीच्या थरथरीने पिन आपल्या खोबणीत केसाहून कमी हलते, पण सतत हलते. कथिल घासलं जातं, त्याच्यावर ऑक्साइड धरतो, पुन्हा घासलं जातं, आणि शेवटी तिथे एक काळी बारीक पूड जमते. मोठा प्रवाह तिला न जुमानता निघून जातो. ॲक्सिलरेटर किंवा सेन्सरचा इवलासा सिग्नल तिथे अडतो. प्लग काढून परत लावला की पूड झडते आणि गाडी काही दिवस नीट चालते, म्हणून कित्येक वेळा ‘कनेक्टर साफ केला, ओके’ एवढ्यावर रिपोर्ट संपतो. सोन्याला ऑक्साइड धरत नाही, म्हणून महाग कनेक्टरच्या पिनांवर सोन्याचा पातळ थर देतात. वडील ती पिन भिंगाखाली धरून बघत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, मग एकाच बाजूची पिन सोन्याची घातली तर अर्ध्या खर्चात भागेल का? नाही भागत. सोन्यावर कथिल घासलं की त्याचा ऑक्साइड सोन्यावर चढतो आणि जोड टिकत नाही. जोडी एकाच जातीची लागते. या मुलखात विजेचं आणि सोन्याचं नातं तसं जुनंच. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ मध्ये तयार झालेली वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, शहरांचे दिवे नंतर लागले.

म्हैसूरचा म्हणून जो एक खास फॉल्ट आहे, तो दसऱ्याचा. विजयादशमीला जंबू सवारी निघते, तिच्या आदल्या दिवशी महानवमीला आयुधपूजा. राजवाड्यात तलवारी, पालख्या, हत्ती-घोडे पुजले जातात, तशी कारखान्यात लेथ, प्रेस, ट्रक आणि फोर्कलिफ्टची पूजा होते. मास्टच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, आणि समोर कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. ऑपरेटर आपापली गाडी ज्या मायेने सजवतात ते बघण्यासारखं असतं. वर्षभर शिव्या खाणाऱ्या त्या यंत्राला त्या दिवशी नमस्कार होतो, आणि तो मनापासूनचा असतो.

पंचाईत होते ती आदल्या संध्याकाळी. गाडी स्वच्छ हवी म्हणून प्रेशर वॉशरचा फवारा मारला जातो, तोही सीट उचलून, बॅटरीवर, कंट्रोलरच्या झाकणावर, लिव्हरच्या फटींत. ऑक्टोबरचा पाऊसही असतोच. दोन दिवसांची सुट्टी संपली की आमचे फोन वाजायला लागतात आणि दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. एका गाडीचा पंप लिव्हरला हात न लावता मध्येच घोंघावून थांबायचा. दुसरीचा डिस्प्ले विझायचा. तिसरीचा हॉर्न वळणावर आपोआप वाजायचा.

याचं कारण समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मोटारीत चासी म्हणजेच निगेटिव्ह. बॅटरीच्या फोर्कलिफ्टमध्ये तसं नसतं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही चासीपासून अलग ठेवलेले असतात. त्यामुळे एका ठिकाणी गळती झाली तर गाडीला काहीच कळत नाही, ती निमूट चालत राहते. दुसऱ्या ठिकाणी गळती झाली की विजेला चासीमधून चोरवाट मिळते आणि मग कुठलाही स्विच न दाबता काहीही हलू शकतं. युरोपात यासाठी हिशेब ठरवलेला आहे: बॅटरी आणि चासी यांच्यात दर व्होल्टला निदान ५० ओहम, आणि बॅटरी सोडून बाकीच्या वायरिंगला दर व्होल्टला १००० ओहम. म्हणजे ४८ व्होल्टच्या गाडीत अनुक्रमे २,४०० आणि ४८,००० ओहम.

सकाळी आम्ही पहिलं काम हेच करतो. पॉझिटिव्ह आणि चासी यांच्यात किती व्होल्ट, निगेटिव्ह आणि चासी यांच्यात किती. एका बाजूला जवळजवळ पूर्ण ४८ दिसले तर गळती दुसऱ्या बाजूला. मग एकेक प्लग काढत जायचं आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. त्या घोंघावणाऱ्या पंपाच्या गाडीत लिव्हरखालच्या कनेक्टरमध्ये चमचाभर पाणी निघालं, आणि बॅटरीच्या डोक्यावर, सेलच्या झाकणांमध्ये, आम्लाचा ओलसर थर होता. डिस्टिल्ड वॉटर वाजवीपेक्षा जास्त भरलं की चार्जिंगच्या वेळी ते उतू जातं आणि हा थर बसतो. फवाऱ्याने तो गाडीभर पसरला होता. सेलची झाकणं घट्ट बंद करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून काढलं, वाळवलं, आणि गाडी शहाणी झाली.

आता नवरात्र बसलं की आम्हीच फिरून येतो. कंट्रोलरवर प्लास्टिक, फवाऱ्याऐवजी ओलं फडकं. आणि कुंकू मास्टला, काउंटरवेटला लावा, बॅटरीच्या प्लगच्या तोंडाला नको, असं सांगतो. एका जुन्या ऑपरेटरला हे पटेना. ‘गाडीचा प्राण तिथंच आहे, मग कुंकू तिथंच नको का?’ त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं. आम्ही प्लगच्या बाहेरच्या मुठीवर बोट उठवायचं ठरवलं, आणि दर नवमीला ते तसंच होतं.

बाकीचे किस्से थोडक्यात. शीतगृहातून उबदार डॉकवर येणारी गाडी बाहेर आल्यावर थोड्या वेळाने अडते, कारण गार कनेक्टरवर बाहेरच्या हवेतलं दंव धरतं. आत जाऊन कितीही तपासा, काही मिळत नाही. धान्याच्या गोदामात उंदीर. नव्या गाड्यांत सगळे कंट्रोलर एकमेकांशी ‘कॅन’ नावाच्या दोन तारांवर बोलतात, तिथे बॅटरी काढून त्या दोन तारांमध्ये रोध मोजायचा: ६० ओहम आला तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर जागेवर, १२० आला तर एक गायब आणि गाडीची बोलणी कधी जुळणार, कधी तुटणार. लिथियमच्या बॅटरीला स्वतःचा मेंदू असतो, तो नोंद ठेवतो आणि अमुक वाजून अमुक मिनिटांनी मी स्वतःला तोडून घेतलं असं सांगतो. हे फार मोठं काम झालं. पण त्या मिनिटाला गाडी कुठे होती, काय उचलत होती, पाऊस होता का, हे अजूनही विचारावंच लागतं.

आणि आता सोमवारची गाडी. कूर्गळ्ळीच्या एका कारखान्यात गोदाम शेडपेक्षा खाली आहे, मध्ये लांब उतार. तिथली एक ४८ व्होल्टची गाडी फक्त सोमवारी सकाळी, पहिल्याच खेपेला, उतारावर मेल्यासारखी बंद पडायची. मंगळवार ते शनिवार तोच उतार ती शंभरदा उतरे. कोड १८: व्होल्टेज फार वाढलं. बंद पडणाऱ्या गाडीत व्होल्टेज वाढतं कसं, म्हणून तिथला इलेक्ट्रिशियन कोडवरच विश्वास ठेवायला तयार नव्हता.

रविवारी काय करता, एवढंच मी विचारलं. रविवारी सगळ्या बॅटऱ्या आठवड्याच्या इक्वलायझिंग चार्जवर लावतात. सगळे सेल एका पातळीवर यावेत म्हणून हा जादा चार्ज द्यावाच लागतो. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण उतरताना पाय उचलला की एसी मोटर जनरेटर होते आणि ब्रेकची ताकद वीज बनून बॅटरीत परत जाते. सोमवारी बॅटरी काठोकाठ भरलेली, ती ही वीज घेईना. तरीही एवढ्यावर गाडी बंद पडू नये, म्हणून मी बॅटरीचा निळा अँडरसन प्लग उघडून पाहिला. आतले चांदीचा मुलामा दिलेले संपर्क भाजून खड्डे पडलेले. चार्जर बंद न करताच प्लग खेचायची तिथे सवय होती. प्रत्येक वेळी आत ठिणगी पडे. म्हणजे वीज परत जायची वाट अरुंद, आणि पुढे घर भरलेलं. इतर दिवशी बॅटरीत जागा असायची, तेवढ्यावर निभावून जायचं.

दोन्ही बाजूंचे संपर्क बदलले. परत जाणाऱ्या प्रवाहाची मर्यादा थोडी खाली आणली. चार्जरवर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं की आधी स्विच बंद, मग प्लग. आणि सोमवारची पहिली खेप सपाटीवरच्या डॉककडे करायची असं ऑपरेटरनेच सुचवलं, ते लगेच ठरलं. त्यानंतरचे सोमवार बिनबोभाट गेले आहेत. तिथले मॅनेजर रिपोर्ट बंद करून द्या म्हणून मागे लागलेत. मी म्हटलं, दसरा होऊन जाऊ दे, सुट्टीत बॅटऱ्या दोन-तीन दिवस भरून उभ्या राहतील, त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी स्वतः उतारावर उभा राहीन, आणि मग सही करीन.